जवळा काय खातो

थळच्या मीठनाक्यावर मी तीन वर्षं नाकेदार होतो, आणि तिन्ही वर्षं मी जवळा खाल्ला. सकाळी जवळा, संध्याकाळी जवळा. कधी कांद्यात परतलेला, कधी आमसूल घालून, कधी नुसता तव्यावर भाजून भाकरीवर. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, जवळा म्हणजे कोळंबीचीच एक बारीक जात. एकेक जीव नखाएवढा. ओला असताना आरपार दिसतो, वाळला की गुलाबी होतो, आणि रोज ताटात आला की डोक्यात जातो.

माझं गाव तळा. भातशेतीचं घर. मासळी आमच्याकडे आठवड्याच्या बाजारात यायची, तीही सुकी. समुद्रकाठी बदली झाली तेव्हा मी वाटेतच ताज्या सुरमईच्या तुकड्यांची स्वप्नं पाहिली होती. प्रत्यक्षात नशिबी आली सोनाबाईची चूल. वाडीतली माणसं सरकारचा कर चुकवून खाडीकाठचं मीठ खरवडून नेत आणि मी त्यांना धरत असे. अशा माणसाला कोळीवाड्यात जेवू कोण घालणार? एकटी सोनाबाई तयार झाली. तिची माझी पहिली वादावादी दुसऱ्याच दिवशी झाली.

"सोनाबाई, दारात टोपलीभर पापलेटं आहेत आणि माझ्या ताटात हे काय?"

"पापलेटं इकायला हाईत."

"एखादं रांधलंत तर बिघडेल का?"

"माज्या चुलीवर जवळ्याबिगर मासळी चढत न्हाय, नाकेदार. पटत नसंल तर दुसरं घर बगा."

दुसरं घर नव्हतं हे तिलाही ठाऊक होतं. मी मुकाट्यानं जेवलो.

यामागची गोष्ट मला तिच्या शेजारणीनं, आवडाबाईनं सांगितली. आवडाबाई सत्तरीची. हयात मासे चिरण्यात गेलेली. तिच्या हाताखालून किती पोटं गेली असतील याचा हिशेब नाही. ती म्हणाली, सोनाबाईचा नवरा हरेश्वर नऊ वर्षांपूर्वी नारळी पुनवेनंतर खांदेरी बेटाच्या पलीकडे होडी उलटून गेला. बरोबर त्याचा धाकटा भाऊ भागोजी होता, तेव्हा एकोणीस वर्षांचा. तो फळीला धरून परत आला आणि त्यानं सांगितलं की पाण्यातून देवमासा वर आला, त्याचा जबडा घराएवढा उघडला आणि दादा त्यात गेला. प्रेत मिळालं नाही. जाणत्यांनी सांगितलं, दर्भाचा माणूस करून अग्नी द्या आणि बाईच्या बांगड्या उतरवा. सोनाबाईनं नकार दिला. कुणाच्या पोटात गेला ते कळल्याशिवाय मी बांगडी उतरवायची नाही, असं म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिनं मासळी सोडली.

"मासळी का सोडली?" मी विचारलं.

"देवमासा काय अमर हाय? त्यो मेला की त्याला मुशी खानार. मुशीच्या पिल्लांना घोळ खानार. घोळीचा तुकडा आपल्या ताटात. कुठला घास कुनाचा, कोन सांगनार? तिला भ्या वाटतं, आपल्या मानसाचाच घास आपल्या तोंडात जायाचा."

"मग जवळा कसा चालतो?"

"त्याच्या तोंडात तीळ मावत न्हाय. त्यो बिचारा कुनाला खानार? ती म्हनते, अख्ख्या दर्यात येकटा जवळा तेवडा निर्दोश."

मी हसलो होतो. आज ते आठवलं की स्वतःची लाज वाटते, पण तेव्हा हसलो, आणि वर म्हणालो की त्या निर्दोषापायी माझा जीव मेटाकुटीला आलाय.

सन सत्तावीसच्या मार्गशीर्षात, अमावास्येच्या उधाणाच्या पाण्यानं तो आला. सकाळी उजाडताना मी नाक्याच्या खिडकीतून पाहिलं तर समुद्रकाठच्या पुळणीवर एक गलबत उपडं पडलेलं. चोरटा माल असेल म्हणून काठी घेऊन धावलो. जवळ गेल्यावर गलबताला डोळा दिसला. बैलाच्या डोळ्यापेक्षा फार मोठा नव्हता, आणि तो माझ्याकडे पाहत होता.

मग त्यानं श्वास सोडला. माझा सदरा भिजला, आणि मी, ज्यानं सरकारी काठीच्या जोरावर अर्ध्या वाडीला दरडावलं होतं, तो गुडघ्यांवर बसलो. बसायचं असं ठरवलं नव्हतं. पाय आपोआप वाकले. माझ्यादेखत त्यानं आणखी दोन श्वास घेतले. दुपारपर्यंत तो देवमासा मेला.

पावलांनी मोजला तर अठ्ठावीस पावलं भरला. सगळी वाडी जमली. बायकांनी नारळ फोडले, कपाळ समजून कुठंतरी कुंकू लावलं, पुरुष हात जोडून दूर उभे राहिले. भागोजी तेवढा आला नाही. सोनाबाई आली, पण तिनं ना हात जोडले ना कुंकू लावलं. ती त्याच्या मिटलेल्या तोंडासमोर उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली.

अलिबागेहून कागद आला: मासा सरकारजमा आहे, त्याची हाडं पाहायला साहेब दौऱ्यावरून परतल्यावर येतील, तोवर कोणी हात लावू नये, जबाबदारी नाकेदारावर. छान. मीठ राखता राखता नाकी नऊ आले होते, आता मासा राखा.

माणसांनी हात लावला नाही. देवाला कोण हात लावणार? पण कागद वाचता न येणारे पुष्कळ होते. पहिल्या दिवशी कावळे आणि खेकडे आले. मी काठी आपटायचो, खेकडे बिळात जायचे, पाठ वळली की परत बाहेर. दुसऱ्या दिवशी घारी आल्या. दुपारी कनकेश्वराच्या डोंगरावरून गिधाडं उतरली आणि पुळणीवर ओळीनं बसली, पंगतीला पान वाढायची वाट पाहावी तशी. पहाटे वाळूत कोल्ह्यांची पावलं उमटलेली असायची. माश्या आल्या, माश्यांच्या अळ्या झाल्या, अळ्या टिपायला शेपूट हलवणारे परीट पक्षी आले आणि त्यांच्या मागून वाडीतल्या कोंबड्या. भरतीच्या पाण्यात त्याच्या अंगाभोवती बोय आणि शिंगाळे मासे इतके दाटले की पाणी उकळल्यासारखं दिसायचं. मग पाग, म्हणजे फेकायची जाळी, टाकणारे तिथंच येऊन पाग टाकू लागले. ती बोय टोपल्यांत भरून अलिबागच्या बाजारात गेली. मासा सरकारजमा असल्याचा कागद ज्यांनी लिहिला, त्या कारकुनांनी तो त्या आठवड्यात थोडाथोडा पोटात घातला असणार.

मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही गेलं. मी वाळूवर बसून नुसता पाहत राहिलो. एक जीव मेला होता आणि त्याच्याभोवती इतके जीव जगत होते की मोजणं शक्य नव्हतं. गिधाडं मांस नेत होती, खेकडे कण नेत होते, आणि डोळ्यांना न दिसणारं काहीतरी आत बसून त्याला मऊ करत होतं. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं, तरी प्रत्येकाला आपली जागा ठाऊक होती. मी कशावर पहारा देतोय तेच मला कळेना.

चौथ्या दिवशी सकाळी सोनाबाई नाक्यावर आली.

"नाकेदार, त्याचं पोट फाडायची परवानगी द्या."

"सोनाबाई, सरकारजमा मासा आहे तो."

"तुमच्या सरकारला हाडं पायजेत. हाडं मना नकोत. मना आत बगायचं हाय."

"नऊ वर्षं झाली. हा तोच मासा कशावरून? आणि असला तरी आत काय राहिलं असेल?"

"त्यांचं काय गावंल म्हनून न्हाय सांगत." तिचा आवाज शांत होता. "मानूस जातो तिथं जागा कशी असते, त्येवडं बगायचं हाय. अंदार असंल, मोटी खोली असंल, काय असंल ती. नऊ वर्सं मी डोळे मिटले का त्या खोलीत जाते. येकदा उगड्या डोळ्यांनी बगू द्या."

मी काठी कोपऱ्यात उभी केली आणि म्हणालो, "चला."

जाणत्यांनी विरोध केला. देव चिरतात का, म्हणाले. आवडाबाई कोयता घेऊन पुढं झाली. "देव असंल तर माफ करंल. मासा असंल तर पोट हाय, आनि पोट असंल तर ते माजं काम." मग तिनं घराकडे तोंड करून भागोजीला हाक मारली. वास इतका होता की बायकांनी नाकाला पदर लावले होते, ती तशीच उभी राहिली. बऱ्याच वेळानं भागोजी कुऱ्हाड घेऊन आला. अठ्ठावीस वर्षांचा धिप्पाड गडी, पण माशाकडे न बघता चालत होता.

सुरुवात तोंडापासून केली. चौघांनी वासे घालून जबडा उचलला आणि आवडाबाई वाकून आत डोकावली. दातच नव्हते. वरच्या जबड्यापासून दाट पट्ट्या लोंबत होत्या, नखासारख्या टणक, आणि आतल्या कडेला त्यांचे केस पिंजारलेले. म्हातारीनं एका पट्टीवरून हात फिरवला, केसांतून बोटं घातली.

"भागोजी, हिकडं ये. तू जाळ्यातला मानूस. ह्ये काय हाय, सांग."

भागोजीनं पहिल्यांदा मान वर केली. तो बघत राहिला. कोळ्याच्या हाताला जाळं ओळखायला वेळ लागत नाही. त्यानंही बोटं घातली.

"डोल," तो हळूच म्हणाला.

डोल म्हणजे खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं. तोंड घराएवढं रुंद, मागे निमुळतं होत गेलेलं, आणि शेवटाला अगदी बारीक वीण. पाणी आत शिरतं, आरपार निघून जातं, मासळी मागे राहते. जशी वीण, तशी मासळी.

"कशाची डोल?" आवडाबाईनं विचारलं.

"जवळ्याची." भागोजीनं बोटं सोडवून घेतली. "येवड्या बारीक विनीत दुसरं काय धरत न्हाईत."

ते सगळ्यांनी ऐकलं. जोडलेले हात एकेक करून सुटले आणि लोक पुढं सरकले. मग मानेच्या बाजूनं चिरत चिरत ते घशापर्यंत गेले. घटकाभर कुऱ्हाडी चालल्या. अखेर आवडाबाईनं अन्ननळी मोकळी करून सोनाबाईपुढं धरली. सोनाबाईनं पदर खोचला आणि आत हात घातला. कोपरापर्यंत गेला. तिनं दुसरा हात शेजारून घालून पाहिला, तर तो मोठ्या मुश्किलीनं शिरला. सोललेला नारळ तिथून गेला असता. माणसाचे खांदे कधीच गेले नसते.

तिनं हात बाहेर काढले आणि भागोजीकडे पाहिलं. भागोजी वाळूत बसला होता.

"मी खोटं न्हाय बोललो, वयनी," तो म्हणाला. "त्यो वर आला व्हता. जबडा उगडला व्हता. त्याच्या तोंडातून पानी गळत व्हतं, ऊन लागून चमकत व्हतं. आसं मी कदी बगितलं न्हवतं, मी बगतच ऱ्हायलो. मंग त्यो खाली गेला, आनि वळून बगतो तर दादा न्हवता. मना वाटलं, त्यानंच गिळला." त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "दादा बाजूलाच बुडला असंल. हाताच्या अंतरावर असंल. मी त्याच्याकडं बगतच न्हवतो. माशाकडं बगत व्हतो."

मला मासा आला त्या सकाळचे माझे गुडघे आठवले. त्याला दोष द्यायला मला तोंड नव्हतं.

सोनाबाई माशाकडे वळली. ती म्हणाली, "पोट फाडा."

पोट फाडलं. आत अंधारी खोली नव्हती. गुलाबी लगदा धो धो बाहेर आला, टोपलीनं, दहा टोपल्यांनी, नंतर मोजणं सोडून दिलं. वाळूवर त्याचा ढीग झाला. आवडाबाईनं मूठभर उचलून पाण्यात धुतला आणि तळहात उघडला. नखाएवढे जीव, काळ्या टिंबांचे डोळे.

"जवळा," ती म्हणाली. "सगळा जवळा."

मी त्या अठ्ठावीस पावलांच्या देहाकडे पाहिलं आणि त्या तळहाताकडे पाहिलं. या दोघांच्या मध्ये काहीतरी मोठं असणार, असं मी आयुष्यभर धरून चाललो होतो. मोठा मोठ्याला खातो, असंच वाटतं. आणि हा, दर्यातला सगळ्यात थोर, सगळ्यात धाकट्यावर जगत होता, रोज टोपल्यांच्या टोपल्या. मला एकदम आत पोकळ झाल्यासारखं वाटलं. देवळात कधी वाटलं नव्हतं तसं.

आवडाबाई ढिगाशेजारी बसली. जन्मभर पोटं चिरलेल्या बाईला आज सगळ्यात वरचं पोट सापडलं होतं.

"बोंबलाचं पोट फाडलं का जवळा," ती म्हणाली. "घोळीचं फाडलं का बोंबील, आनि बोंबलाच्या पोटात जवळा. कुनालाबी फाडा, तळाला ह्योच. म्हनून ह्यो इतका लागतो. जवळा मोजायची सोय न्हाय. बोंबील टोपलीनं येतो. घोळ येकादी. आनि ह्यो थोरला, मी सत्तर वर्सांत येक बगितला. दर वरच्या पायरीवर कमी, कमी. खाल्लेलं सगळंच काय अंगी लागत न्हाय ना. पवन्यात, हालन्यात, ऊब ऱ्हान्यात जातंच."

"आणि जवळा काय खातो?" हे मी विचारलं. सहज विचारलं, शाळेतल्या पोरासारखं, उत्सुकतेनं. तो प्रश्न मी त्या दिवशी गिळायला हवा होता.

"पावसाळा सरला का पान्याला साय येते, हिरवट. नद्या गाळ आनतात, वरून ऊन पडतं, मंग साय धरते. ती खातो. त्या सायीनं काय खाल्लं म्हनाल तर ऊनच म्हना." म्हातारी पुढं बोलणार होती, पण तिची नजर सोनाबाईकडे गेली आणि ती थांबली.

"आनि?" सोनाबाई म्हणाली.

"आनि काय न्हाय."

पण सोनाबाईच्या मनात ते राहिलं. पुढचे तीन दिवस ती पुळणीवरच होती. मासा आता उघडा पडला होता, प्रत्येक भरती त्याचे धागे सोडवून नेत होती. त्याच्या शेपटाशी पाण्यानं एक खोल डबकं कोरलं होतं. सातव्या दिवशी दुपारच्या ओहोटीला तिनं मला हाक मारली. मी गेलो. आवडाबाई आधीच तिथं होती.

डबक्यात धुकं तरंगत होतं, गुलाबीसर, हलणारं. मी वाकून पाहिलं. जिवंत जवळा. हजारो. प्रत्येकाच्या पुढच्या बारीक पायांत मांसाचा एकेक कण, सुईच्या टोकाएवढा, तोंडापाशी धरलेला, आणि तो कुरतडणं चाललेलं. इतक्या हलक्या हातानं की पाणीही हलत नव्हतं. मोठे पक्षी चोचीनं ओढून नेत होते त्यातलं जे सांडत होतं ते हे वेचत होते. काहीच वाया जात नव्हतं.

"जे मेलं ते खाली पडतं," सोनाबाई म्हणाली. तिनं कोणाला विचारलं नाही. "मुशीला गावलं ते मुशीनं खाल्लं. सांडलं ते ह्यांनी."

आवडाबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "खोटं कशाला सांगू, बाय? व्हय. त्यो गाळ खातो, मेलेलं खातो. दर्यात असं कोन न्हाय का ज्यानं कुनाला खाल्लं न्हाय."

सोनाबाई उठली आणि घरी गेली. तिची चूल त्या संध्याकाळी पेटली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मी नाक्यावर बसून चुरमुरे खाल्ले, तेही घशाखाली उतरेनात. मला किळस आली असेल असं कोणाला वाटेल, तर तसं नव्हतं. मला आमची खाचरं आठवत होती. गावी आमच्या शेताच्या वरच्या अंगाला ओढा आहे, तिथं आमच्या घरची मेलेली माणसं जाळतात. आजोबांना तिथंच नेलं होतं. पहिल्या पावसात ती राख वाहून खाली येते, खाचरात बसते, आणि त्या वर्षी भात जोमानं येतो. आई म्हणायची, आजोबांचा हात लागलाय. आम्ही तो भात खाल्ला. मी त्यावर वाढलो. लहानपणापासून मला हे ठाऊक होतं आणि एकदाही कळलं नव्हतं. ऊन भातात येतं, भात माणसात येतो, माणूस मातीत जातो आणि पुन्हा भाताच्या मुळाशी उभा राहतो. मी इतका वेळ त्या रांगेत उभा होतो आणि मला वाटत होतं की मी बाजूला बसून नुसता जेवतोय.

पण हे मला पटलं म्हणून त्या बाईला पटावं असं थोडंच आहे? तिचा आजोबा नव्हता तो, नवरा होता. नऊ वर्षं जे टाळायचं म्हणून तिनं जगातली सगळी चव सोडली, नेमकं तेच ती रोज दोन वेळा खात आली होती. आणि प्रश्न मी विचारला होता. बाई आता अन्नाला शिवेल की नाही, याची मला भीती वाटत होती. वाडीत सगळ्यांनाच वाटत होती. भागोजी तिच्या दाराशी बसून होता, आत जायची हिंमत त्याला होत नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी भागोजी नाक्यावर आला. "वयनी जेवायला बोलावते. दोगांना."

घरात शिरलो तर भाताचा आणि आमसुलाचा वास. तीन ताटं मांडलेली. तिन्हींत भात आणि जवळा. सोनाबाईनं डोक्यावरून आंघोळ केली होती, केस ओले होते, मनगटं मोकळी होती. बांगड्या तिनं कधी उतरवल्या, कुठं, कोणी पाहिलं नाही.

"बसा," ती म्हणाली.

आम्ही बसलो. कोणाचाही हात ताटाकडे जाईना. तिनं आपल्या ताटात भात कालवला.

"दोन दिस मना वाटलं, इख पिऊन मरावं," ती म्हणाली. "पाप वाटलं. तोंडात बोटं घालून ओकले. काय पडलं न्हाय. नऊ वर्सांचं कसं पडनार, त्याचं हाडमास झालं. मंग सकाळी हात बगितले. म्हनलं, ह्ये हात कशाचे झाले? मी त्यांना दर्याभर शोदत व्हते, आनि ते घरात व्हते. मना रोज जेवू घालत व्हते."

भागोजीनं मान खाली घातली. तिनं आपल्या ताटातला घास उचलला, त्याच्यापुढं धरला.

"खा."

"वयनी, माज्यानं न्हाय व्हनार."

"तुज्यावर त्यांचा राग असता तर तुला पोसलं असतं काय? तू तर सगळंच खात आलास. बोंबील, घोळ, पापलेट. माज्यापेक्षा तुज्यात ते जास्त हाईत. खा, भागोजी."

त्यानं तोंड उघडलं. मोठा गडी, लहान मुलासारखा तिच्या हातून जेवला. मग तिनं स्वतः घास घेतला, सावकाश चावला, गिळला. मीही घेतला. आमसुलाचं आंबट, जवळ्याचं खारट आणि भाताचं गोड असं सगळं एकदम जिभेवर आलं. खाली पाहिलं तर ताटात शेकडो काळी टिंबं माझ्याकडे बघत होती, आणि प्रत्येकात हरेश्वर नावाच्या, मी कधीही न पाहिलेल्या माणसाचा कुठंतरी कणाचा कण होता, आणि देवमाशाचा, आणि नद्यांच्या गाळाचा, आणि नऊ पावसाळ्यांनंतर पडलेल्या उन्हाचा. मी जेवताना कधी हात जोडले नव्हते. त्या दिवशी जोडले.

सोनाबाईनं ताट स्वच्छ केलं. मग तिनं टोपातून आणखी भात घेतला, त्यावर जवळा घेतला, आणि तो कालवता कालवता तिला रडू आलं. तिनं हात थांबवला नाही. ती रडत रडत जेवत राहिली, आणि आम्ही दोघं तिचं होईपर्यंत ताटावर बसून राहिलो.